बोटं तळहातात रुतली, पण ब्रश सुटला नाही : रुमेटॉइड आर्थरायटिससोबत 25 वर्षं चित्रं काढणारा रेन्वार

1915 साल. युरोपात पहिलं महायुद्ध पेटलेलं. साशा गित्री नावाचा एक तरुण फ्रेंच नट आणि नाटककार कॅमेरा घेऊन देशातल्या मोठमोठ्या कलावंतांचं चित्रीकरण करत होता. त्यात त्याने एका म्हाताऱ्या चित्रकारालाही कॅमेऱ्यात टिपलं.

ही मूक फिल्म आजही बघायला मिळते. खुर्चीत बसलेला एक हाडकुळा माणूस. तोंडात सिगरेट. हातांना पट्ट्या गुंडाळलेल्या. बोटं आतल्या बाजूला अशी वळलेली की मूठ उघडतच नाही. शेजारी त्याचा धाकटा मुलगा उभा. तो वडिलांच्या हातात ब्रश अडकवून देतो आणि म्हातारा भराभर रंग लावायला लागतो.

या माणसाचं नाव पिएर-ऑग्युस्त रेन्वार. इम्प्रेशनिस्ट चित्रकारांमधलं हे एक मोठं नाव. आणि त्याच्या हाताची ही अवस्था करणारा आजार म्हणजे रुमेटॉइड आर्थरायटिस.

आपल्याकडे सांधा दुखला की सगळ्यालाच सरसकट "संधिवात" म्हणायची पद्धत आहे. पण गुडघ्याची झीज वेगळी, युरिक ॲसिडमुळे होणारा गाऊट वेगळा आणि रुमेटॉइड आर्थरायटिस वेगळा. हा आजार माणसाला कुठून कुठे नेतो आणि आज त्यावर काय करता येतं, हे समजून घ्यायचं असेल तर रेन्वारचं आयुष्य बघावं लागतं.

शिंप्याचा पोरगा, कपबश्या रंगवणारा

रेन्वारचा जन्म 25 फेब्रुवारी 1841 चा, फ्रान्समधल्या लिमोज गावचा. वडील शिंपी, आई शिवणकाम करणारी. पोरगा लहान असतानाच कुटुंब पॅरिसला आलं.

घरची परिस्थिती बेताची. त्यामुळे 13 व्या वर्षीच तो चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून कामाला लागला. कपबश्यांवर फुलं आणि चेहरे रंगवायचं काम. हात इतका सफाईदार होता की पोराने लवकरच नाव कमावलं. पण भांड्यांवर यंत्राने छपाई व्हायला लागली आणि हे काम गेलं. मग त्याने हातपंखे रंगवले, पडदे रंगवले. मिळेल ते काम केलं.

पैसे साठवून 1862 च्या सुमारास त्याने शार्ल ग्लेअर या चित्रकाराच्या स्टुडिओत शिकायला सुरुवात केली. तिथे त्याला क्लोद मोने, आल्फ्रेड सिसली आणि फ्रेदरिक बाझील भेटले. खिसे सगळ्यांचेच रिकामे असायचे, पण बंद खोलीऐवजी उघड्यावर, खऱ्या उजेडात चित्रं काढायची धुंदी होती.

1874 साली या मंडळींनी स्वतःचं प्रदर्शन भरवलं. लोकांनी आणि समीक्षकांनी टर उडवली. "इम्प्रेशनिस्ट" हे नावसुद्धा चेष्टेतूनच चिकटलं. पण 1876 मधलं मुलँ द ला गालेतच्या नाचाचं चित्र असो, की 1881 मध्ये पूर्ण झालेलं नौकाविहारानंतरच्या जेवणाचं चित्र असो, पुढे हीच चित्रं जगातल्या सर्वात लाडक्या चित्रांमध्ये जाऊन बसली.

1880 साली त्याचा उजवा हात मोडला होता. तेव्हा हा पठ्ठ्या थांबला नाही. डाव्या हाताने चित्रं काढत राहिला. पुढे काय वाढून ठेवलं आहे, याची तेव्हा त्याला कल्पनाही नव्हती.

पन्नाशीत सुरू झालेलं दुखणं

1890 साली त्याने आलीन शारिगोशी लग्न केलं. चित्रं विकली जाऊ लागली होती, घरात जरा बरे दिवस आले होते. आणि 1892 च्या आसपास, पन्नाशी उलटता उलटता, सांधे कुरकुरायला लागले.

सुरुवातीला त्याचा फार त्रास नव्हता. दुखणं यायचं, जायचं. मग 1897 साली आलीनच्या एसवा या गावी तो सायकलवरून पडला आणि पुन्हा उजवा हात मोडला. त्यानंतरच्या वर्षांमध्ये सांधेदुखीचे झटके वाढत गेले.

आता कुणालाही वाटेल की सायकलवरून पडला म्हणून आजार झाला. पण तसं नाही. दुखणं त्याच्या आधीच सुरू झालेलं होतं. रुमेटॉइड आर्थरायटिस हाड मोडल्याने होत नाही. तो सुरू होतो शरीराच्या आत, आपल्याच संरक्षण यंत्रणेत.

आपलीच फौज आपल्यावर उलटते

आपल्या शरीरात रोगप्रतिकारशक्ती नावाची एक फौज असते. बाहेरून जंतू आले की त्यांच्याशी लढणं हे तिचं काम. रुमेटॉइड आर्थरायटिसमध्ये ही फौज गोंधळते आणि स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. अशा आजारांना ऑटोइम्यून आजार म्हणतात.

सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं. ते वंगणासारखा द्रव तयार करतं, म्हणून सांधा सहज हलतो. हल्ला पहिल्यांदा या अस्तरावर होतो. ते सुजतं, जाड होतं आणि शेजारची कूर्चा आणि हाड पोखरायला लागतं. सांधा धरून ठेवणारे स्नायुबंध सैल पडतात. मग बोटं करंगळीच्या दिशेला कलतात, वाकतात आणि तशीच राहतात.

रेन्वारच्या हाताचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो बघितले तर हा प्रवास टप्प्याटप्प्याने दिसतो. हे फोटो आणि त्याची पत्रं तपासून डॉक्टरांनी त्याच्या आजाराचा अभ्यास केला आहे. 1997 साली "ब्रिटिश मेडिकल जर्नल"मध्ये त्यावर सविस्तर लेख आला होता.

मग फौज गोंधळते कशामुळे? याचं एकच एक कारण नाही. काही जनुकांमुळे धोका वाढतो. पण आईला आहे म्हणजे मुलीला होणारच, असं नसतं. सिगरेट हे ठळकपणे सिद्ध झालेलं कारण आहे. ओढणाऱ्यांमध्ये हा आजार होण्याची शक्यता जास्त असते आणि झाला तर तो जास्त तीव्र असतो. हिरड्यांच्या जुनाट आजाराशीही त्याचा संबंध सापडला आहे. रेन्वार सिगरेट भरपूर ओढायचा. त्याला त्यामुळेच आजार झाला असं एका माणसाबद्दल छातीठोकपणे सांगता येत नाही, पण आज कुठलाही डॉक्टर त्याला सगळ्यात आधी ती सोडायला सांगेल.

हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन ते तीन पट जास्त दिसतो. साधारण 100 ते 200 माणसांमागे एकाला तो असतो. आणि हा "म्हातारपणाचा आजार" नाही. तिशी-चाळिशीतल्या माणसालाही तो गाठतो, लहान मुलांमध्येही संधिवाताचे वेगळे प्रकार असतात. हा संसर्गाने पसरत नाही. आणि आंबट खाल्ल्याने तो होतो, याला वैद्यकीय पुरावा नाही.

काठी, कुबड्या, व्हीलचेअर

विसावं शतक सुरू झालं तसा आजार वेगाने पुढे सरकला. रेन्वार आधी एका काठीवर चालायचा, मग दोन काठ्या लागल्या, मग कुबड्या आल्या. वजन इतकं उतरलं की हाडं टोचायची आणि नुसतं बसणंही त्रासाचं व्हायचं.

हे लक्षात घेण्यासारखं आहे. रुमेटॉइड आर्थरायटिस फक्त सांध्यांपुरता राहत नाही. थकवा, बारीक ताप, भूक मंदावणं, वजन घटणं हे त्याच्यासोबत येतं. कातडीखाली गाठी येऊ शकतात. डोळे, फुप्फुसं, रक्तवाहिन्या यांनाही सूज येऊ शकते. हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

त्या काळी उपाय काय होते? जवळपास काहीच नाही. एक्स-ले-बें, बुर्बोन-ले-बें अशा गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी जाऊन डुंबायचं. ताप आणि दुखणं कमी करणारं औषध घ्यायचं. ऊबदार हवेत राहायचं. याने जरा आराम पडायचा, पण आत चाललेली पोखरण थांबायची नाही.

ऊबेसाठीच रेन्वार दक्षिण फ्रान्सला सरकला. 1907 साली त्याने कान्य गावाजवळ "ले कोलेत" नावाची जागा विकत घेतली. तिथे ऑलिव्हची जुनी झाडं होती. ती तोडली जाऊ नयेत, हेही जागा घेण्यामागचं एक कारण होतं. तिथे घर बांधलं, बागेत काचेचा स्टुडिओ उभारला. आज तिथे त्याचं संग्रहालय आहे.

आजाराने गाठलेला माणूस स्वस्थ बसला नव्हता. हात सैल राहावेत म्हणून तो चेंडू उडवून झेलायचा. ते जमेनासं झालं तेव्हा दुसरे खेळ शोधले. आज फिजिओथेरपिस्ट जो सल्ला देतात, तो हा माणूस स्वतःच्या बुद्धीने अमलात आणत होता. सूज असताना सांध्याला विश्रांती हवीच, पण कायमचं हलणं बंद केलं की सांधा आखडतो आणि स्नायू वाळतात.

1912 साली तो व्हीलचेअरवर आला, तो कायमचाच. त्या वर्षीचा एक किस्सा सांगितला जातो. एका डॉक्टरने प्रयत्नांची शर्थ करून त्याला उभं केलं, चार पावलं चालवलं. घरचे हरखले. पण रेन्वार पुन्हा खुर्चीत बसला आणि त्याने चालण्याचा नाद सोडला. उभं राहायलाच सगळी ताकद गेली तर चित्रासाठी काय उरणार, असा त्याचा हिशेब होता. अंगात शक्ती मोजकीच होती आणि ती कशावर खर्च करायची हे त्याने ठरवून टाकलं होतं.

हाताला ब्रश बांधायचा, ही दंतकथा

रेन्वारबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. म्हणे त्याच्या हाताला ब्रश दोरीने बांधायचे. फोटोतल्या पट्ट्या बघून तसं वाटणं साहजिक आहे.

खरी गोष्ट जरा वेगळी आहे. बोटं तळहातात रुतायची. त्यामुळे कातडी घामेजायची, सोलवटायची. ते होऊ नये म्हणून तळहातावर मऊ कापड ठेवून पट्टी गुंडाळायचे. ब्रश मात्र कुणीतरी त्याच्या बोटांच्या बेचक्यात ठेवायचं आणि तो तिथे पकडून रंगवायचा. हाताची पकड गेली होती, पण मनगट आणि कोपर अजून ऐकत होते.

खांदाही आखडला होता, त्यामुळे हात वर जात नसे. त्यावर त्याने नामी युक्ती काढली. कॅनव्हास रुळांवर गुंडाळायचा आणि दांडा फिरवून वर-खाली सरकवायचा. म्हणजे हात चित्राकडे न्यायचा नाही, चित्रच हाताकडे आणायचं! बाहेर जायचं झालं तर माणसं त्याला खुर्चीसकट उचलून न्यायची.

आज हॉस्पिटलमध्ये ऑक्युपेशनल थेरपी नावाचा विभाग असतो. जाड मुठीचा चमचा, बरणीचं झाकण उघडायचं साधन, मनगटाला आधार देणारा स्प्लिंट या गोष्टी तिथे सुचवल्या जातात. सगळ्यामागचं तत्त्व रेन्वारच्या रुळांसारखंच आहे. माणसाने वस्तूशी जुळवून घेण्यापेक्षा वस्तू माणसाशी जुळवून घ्यायची.

1913 पासून त्याने शिल्पांतही हात घातला. म्हणजे हात दुसऱ्याचे होते. रिशार गिनो हा तरुण शिल्पकार माती हाताळायचा आणि रेन्वार शेजारी बसून काय वाढवायचं, काय कमी करायचं ते सांगायचा. यातून "व्हीनस व्हिक्ट्रिक्स"सारखी शिल्पं झाली. गिनोला त्याचं श्रेय मिळायला मात्र खूप उशीर झाला. 1973 साली फ्रेंच न्यायालयाने त्याला सहनिर्माता म्हणून मान्यता दिली.

युद्ध, बायकोचा मृत्यू आणि तरीही काम

महायुद्धात त्याची दोन्ही मोठी मुलं, पिएर आणि जाँ, गंभीर जखमी झाली. जाँला बघायला आलीन हॉस्पिटलात गेली. तिला स्वतःला मधुमेह होता. परत आली आणि 1915 च्या जूनमध्ये तिचा मृत्यू झाला.

इतकी वर्षं ज्या माणसाच्या आधारावर घर उभं होतं, तो माणूस गेला. दुखणाईताची गोष्ट सांगताना त्याला सांभाळणाऱ्यांची गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. रेन्वारला आंघोळ घालणं, उचलणं, पट्ट्या बदलणं, रंग काढून देणं, ब्रश हातात ठेवणं हे सगळं बायको, मुलं आणि घरात काम करणाऱ्या बायका वर्षानुवर्षं करत होत्या. त्यातल्या काही जणी त्याच्या चित्रांसाठी मॉडेल म्हणूनही बसायच्या.

जाँ वाचला. पुढे तो जगातल्या श्रेष्ठ चित्रपट दिग्दर्शकांमध्ये गणला गेला. "द रिव्हर" हा सिनेमा करायला तो भारतात, बंगालमध्ये आला होता. तेव्हा त्याच्यासोबत लोकेशन शोधत फिरणारा एक तरुण होता, त्याचं नाव सत्यजित राय.

1919 च्या उन्हाळ्यात रेन्वारला व्हीलचेअरवरून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात नेलं. जिथे तरुणपणी तो जुन्या उस्तादांची चित्रं बघून शिकला होता, तिथे आता त्याचं स्वतःचं चित्र भिंतीवर लागलं होतं. त्याच काळात त्याने स्नान करणाऱ्या स्त्रियांचं आपलं शेवटचं मोठं चित्र पूर्ण केलं. त्या चित्रात दुखण्याचा लवलेशही दिसत नाही.

3 डिसेंबर 1919 रोजी वयाच्या 78 व्या वर्षी रेन्वार गेला.

औषधं आली, पण त्याच्यानंतर

रेन्वार गेल्यानंतर दहा वर्षांनी, 1929 साली, झाक फोरेस्तिए या फ्रेंच डॉक्टरने या आजारावर सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं उपयोगी पडतात असं मांडलं. हा डॉक्टर होता एक-ले-बें नव्हे, नेमक्या त्याच एक्स-ले-बेंचा, जिथे रेन्वार गरम पाण्यात बसायला जायचा.

1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी एका पेशंटला कॉर्टिझोन दिलं. जागेवरून हलू न शकणारी बाई काही दिवसांत चालू लागली. 1950 साली या कामाला नोबेल मिळालं. पण स्टिरॉइड जास्त दिवस घेतलं की हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं असे दुष्परिणाम होतात, हेही लवकरच कळलं.

खरा बदल घडवला मेथोट्रेक्सेटने. 1980 च्या दशकात ते या आजारासाठी रूढ झालं आणि आजही उपचाराची सुरुवात बहुतेक वेळा त्यानेच होते. ही नुसती वेदनाशामक गोळी नाही, ती आजाराचा वेगच कमी करते.

1990 च्या दशकात बायोलॉजिक औषधं आली. सांध्याला सूज आणणाऱ्या टीएनएफ नावाच्या रेणूला रोखायची कल्पना लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी सिद्ध केली. यातले मैनी जन्माने पंजाबातल्या लुधियानाचे.

आज रेन्वार डॉक्टरकडे गेला असता तर?

डॉक्टरांनी आधी विचारलं असतं की सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ धरलेले असतात. झिजेच्या दुखण्यात आखडलेपणा थोड्या वेळात जातो. रुमेटॉइडमध्ये तो अर्धा तास, तासभर किंवा जास्तही टिकतो. दुखणं बहुतेकदा बोटांच्या मधल्या आणि मुळाच्या सांध्यांत, मनगटात, पायाच्या बोटांत आणि दोन्ही बाजूंना असतं. सांधा नुसता दुखत नाही, सुजलेला आणि दाबला तर मऊ लागतो.

मग आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या आणि एक्स-रे किंवा सोनोग्राफी होते. यात एक मेख आहे. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार आहेच असं नाही आणि निगेटिव्ह आला म्हणजे नाहीच असंही नाही. नुसता रिपोर्ट बघून निदान होत नाही, पेशंटला तपासावं लागतं. हे काम करणाऱ्या तज्ज्ञाला रुमेटॉलॉजिस्ट म्हणतात.

उपचारात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे वेळ. लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचण्याची शक्यता खूप जास्त असते. एकदा हाड पोखरलं गेलं की कुठलंही औषध ते पूर्ववत करत नाही.

काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

मेथोट्रेक्सेट या आजारासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. त्यासोबत फॉलिक ॲसिड दिलं जातं आणि ठरावीक काळाने रक्त आणि लिव्हरची तपासणी करावी लागते. गरोदरपणात ते चालत नाही, त्यामुळे मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं लागतं. बायोलॉजिक सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात, कारण दबून राहिलेला टीबी उफाळू शकतो.

बरं वाटलं म्हणून गोळ्या स्वतःहून बंद केल्या की आजार पुन्हा डोकं वर काढतो. आणि "तीन दिवसांत संधिवात गायब" म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. त्याने दुखणं दबतं, सांधा पोखरणं चालूच राहतं.

हा आजार मुळापासून बरा करणारं औषध आजही नाही. पण वेळेत उपचार मिळाले तर बहुतेकांचा आजार आटोक्यात राहतो, कित्येकांची लक्षणं जवळपास नाहीशी होतात. माणसं नोकरी करतात, स्वयंपाक करतात, गाडी चालवतात, मुलं वाढवतात.

रेन्वारची गोष्ट ऐकून जिद्दीचं कौतुक वाटतं, ते वाटायलाच हवं. पण त्याला इतकी जिद्द दाखवावी लागली, कारण त्याच्या काळात औषध नव्हतं. आज ते आहे. त्यामुळे घरातलं कुणी सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत, चहाचा कप धरवत नाही असं आठवडेच्या आठवडे सांगत असेल, तर "वय झालं" किंवा "वात आहे, जाईल" म्हणून सोडून देऊ नका. सहन करण्यात शौर्य नाही. लवकरात लवकर डॉक्टरला हात दाखवा.